आठवतं, पण विचारू नका

इंदूरहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. सहा पानं, पाठपोट लिहिलेली. अशा पत्रांत जे विचारायचं असतं ते बहुधा शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात येतं. तसंच इथेही झालं आहे. सगळी हकिकत सांगून झाल्यावर त्या लिहितात, "ताई, राग मानू नका, पण सासूबाई सोंग तर करत नसतील ना?"

हकिकत अशी. सासूबाई 78 वर्षांच्या. प्राथमिक शाळेत 32 वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. तीन वर्षांपूर्वी मेंदूच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून अल्झायमरचं निदान केलं. आता वार, महिना, सकाळचं जेवण यातलं काही ध्यानात राहत नाही. सुनेचं नाव केव्हाच गेलं. मुलाला कधी ‘दादा’ म्हणतात, आपल्या थोरल्या भावाला म्हणत तसं, तर कधी नुसत्याच बघत राहतात. मुलगा रोज संध्याकाळी कामावरून आला की आईसमोर खुर्ची ओढून बसतो. "आई, मी कोण? आज वार कोणता? दुपारी आपल्याकडे कोण आलं होतं?" असा सराव ठेवला तर आजार पुढे सरकणार नाही, असं त्याला मनापासून वाटतं. आई आधी हसते, मग गप्प होते, मग पदराच्या टोकाशी चाळा करत राहते.

आणि ह्याच सासूबाई देवापुढे दिवा लागला की रामरक्षा अथपासून इतिपर्यंत म्हणतात. पोळपाट पुढे आला की पोळी गोल लाटतात. तेवढ्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. घरात तट पडले ते ‘दीपस्तंभा’वरून.

नात महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाला जाते. एका सकाळी ती आजीजवळ बसून धडा मोठ्याने वाचत होती. त्यात ‘दीपस्तंभ’ हा शब्द आला. नातीने अर्थ विचारला आणि आजीने शाळेतल्या सुरात समजावून सांगितला: समुद्र, रात्र, खडक, वाट चुकलेली गलबतं, सगळं. संध्याकाळी नात स्वाध्याय सोडवायला बसली. ‘दीप’ आणि पुढे रिकाम्या चौकटी. ती पेन्सिल चावत ‘दीप… दीप…’ करत असताना पलंगावरून आजीचा आवाज आला, "दीपस्तंभ." आयुष्यभर देवळात जाणाऱ्या बाईच्या तोंडी खरं तर ‘दीपमाळ’ यायची. सगळे चकित झाले. कुणीतरी विचारलं, "म्हणजे सकाळचा धडा आठवतोय तुम्हाला?" आजी म्हणाल्या, "कसला धडा? आज तर कुणी पुस्तक उघडलंच नाही."

त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "पाहिलंत? हवं तेव्हा सगळं बरोबर आठवतं."

नाही हो. ते सोंग नव्हे. सासूबाईंनी दोन्ही वेळा खरंच सांगितलं. धडा वाचला गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि तरीही त्या धड्यातला शब्द त्यांच्या ओठाशी येऊन थांबला होता. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हे कळायला शास्त्रज्ञांनाही बराच काळ लागला, तेव्हा जाऊबाईंना दोष देण्यात अर्थ नाही.

आपण ‘स्मरणशक्ती’ हा शब्द एकवचनी वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो. माझंच पाहा. रामरक्षा मलाही येते, पण मधल्याच एखाद्या श्लोकाची सुरुवात कोणी विचारली तर मी बुचकळ्यात पडते. पहिल्यापासून म्हणत आले की ती ओळ आपोआप येते. मुंजीत, बारशात भेटलेल्या बाईंचं नाव काही केल्या आठवत नाही, आणि कुणी नुसतं ‘कु…’ म्हणायचा अवकाश, ‘कुमुद!’ असं मी ओरडते. म्हणजे जिन्नस घरातच असतो. मागच्या दाराने जाणाऱ्याला तो सापडतो, पुढच्या दाराला मात्र कुलूप.

हे मागचं दार एका फार गमतीच्या, खरं तर थोड्या निर्दय प्रसंगातून दिसलं. जिनेव्हात एदुआर क्लापारेद नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे एक स्त्री रुग्ण होती. तिला अल्झायमर नव्हता, पण नवी गोष्ट म्हणून तिच्या लक्षात राहत नसे. डॉक्टर रोज नव्याने ओळख करून देत. एके दिवशी त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. टाचणी टोचल्याचं ती थोड्याच वेळात विसरली. पण पुढच्या खेपेला त्यांनी हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. का घेतला ते तिला सांगता येईना. खूप विचारल्यावर एवढंच म्हणाली की लोकांच्या हातात कधी कधी टाचण्या असतात. क्लापारेदनी हे 1911 मध्ये छापलं. ही टाचणी वाचकांनी लक्षात ठेवावी, आपल्याला तिच्याकडे परत यायचं आहे.

त्यानंतर पन्नासएक वर्षांनी अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन या माणसाची गोष्ट आली. 1953 मध्ये फिट्सच्या विकारासाठी त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि नव्या आठवणी साठवण्याचं काम कायमचं थांबलं. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. (करून बघा, पेन्सिल हमखास उलटीकडे जाते.) तीन दिवसांत त्याचा हात बसला, आणि तिसऱ्या दिवशीही त्याचं म्हणणं हेच की हे काम आपण पूर्वी कधी केलेलं नाही. 2008 मध्ये तो वारला. तोवर स्मृतीविषयी आज जे माहीत आहे त्यातला मोठा भाग त्याच्यामुळे माहीत झाला होता.

पण हाताचं शिक्षण निराळं आणि शब्दांचं निराळं. शब्दांसाठी एक खेळ सांगते, घरी करून बघा. कुणाला तरी हे चार शब्द मोठ्याने वाचायला सांगा: मोरपीस, करवंद, पाटली, सांडगा. मग चहा होऊ द्या, इकडच्या तिकडच्या गप्पा होऊ द्या. थोड्या वेळाने नुसती सुरुवात द्या, ‘मोर’, ‘कर’, ‘पाट’, ‘सांड’, आणि म्हणा की मनात येईल तो पहिला शब्द सांग. खरं तर मोरावळा, करवत, पाटी, सांडशी असे कितीतरी शब्द दाराशी उभे असतात. पण पुष्कळदा पुढे घुसतो तो मघाशी वाचलेलाच. सांगणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

याला प्रायमिंग म्हणतात. भिंतीला रंग काढण्याआधी रंगारी प्रायमरचा एक हात मारतो ना, तोच शब्द. वरून तो हात दिसत नाही, पण पुढचा रंग त्यामुळे नीट धरतो.

1984 मध्ये सॅन डिएगोमध्ये पीटर ग्राफ, लॅरी स्क्वायर आणि जॉर्ज मँडलर यांनी हाच खेळ विस्मृतीच्या रुग्णांबरोबर केला. त्यातली एक बारीकशी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. शब्दाची सुरुवात तीच, रुग्ण त्याच प्रकारचे, बदलली फक्त सूचना. "मघाशी वाचलेला शब्द आठवून हा पूर्ण करा" असं सांगितलं तेव्हा रुग्ण निरोगी माणसांच्या खूप मागे पडले. "मनात येईल त्या पहिल्या शब्दाने पूर्ण करा" असं सांगितलं तेव्हा ते निरोगी माणसांच्या बरोबरीने आले. ‘आठवा’ या शब्दाने पुढच्या दाराकडे पाठवलं, आणि तिथे कुलूप होतं. पुढच्याच वर्षी ग्राफ आणि डॅनियल शॅक्टर यांनी या दोन प्रकारांना इंग्रजी नावं दिली. आपण त्यांना व्यक्त स्मृती आणि अव्यक्त स्मृती म्हणू.

इथवर वाचून कुणाला वाटेल, वा, म्हणजे अल्झायमरच्या माणसाचं मागचं दार उघडं असतं तर! थांबा. इतकं सरळ असतं तर मी हे चार ओळींत उरकलं असतं.

विस्मृतीचे रुग्ण निराळे आणि अल्झायमरचे निराळे. 1987 मध्ये आर्थर शिमामुरा आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या रुग्णांना शब्द पुरे करायला दिले तेव्हा ते या खेळातही कमी पडले. दारूमुळे जडणाऱ्या कोर्साकॉफच्या विस्मृतीत मात्र हाच खेळ नीट जमत होता. दोन वर्षांनी विल्यम हाइंडेल आणि सहकाऱ्यांना उलटंसुलटं चित्र दिसलं. अल्झायमरचे रुग्ण शब्दांत मागे पडत, पण फिरत्या तबकडीवरचा ठिपका काठीने धरून ठेवण्याचं कसब निरोग्यांसारखंच शिकत. हंटिंग्टन या हालचालींच्या आजारात शब्द जमत, तबकडी जमत नसे. मग 1991 मध्ये एमआयटीतल्या मार्गारेट कीन, जॉन गॅब्रिएली, सुझान कॉर्किन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक पदर उलगडला. पडद्यावर शब्द क्षणभरच चमकवायचा आणि ओळखायला सांगायचं. आधी एकदा डोळ्यांखालून गेलेला शब्द कमी वेळातही ओळखू येतो. हा फायदा अल्झायमरच्या रुग्णांनाही निरोग्यांइतकाच मिळाला. शब्द पुरा करण्यात मात्र तेच रुग्ण मागे पडले.

कारण आजाराच्या वाटेत आहे. मेंदूच्या कडेला, कानाच्या मागच्या अंगाला आत, हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा भाग असतो. नव्या घटना नोंदवण्याचं काम तिथलं. अल्झायमर बहुधा आधी तिथे हात घालतो. मग शब्दांचे अर्थ, वस्तूंची नावं, एका गोष्टीचा दुसरीशी संबंध जिथे सांभाळला जातो त्या भागांत पसरतो. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे डोळ्यांनी पाहिलेल्या अक्षराचा आकार उमटतो, तिथे तो उशिरा पोचतो. सरावाने हात बसवणारे खोलवरचे भागही पुष्कळ काळ तग धरतात. म्हणून पोळी गोल होते. म्हणून अक्षर ओळखीचं वाटतं. अर्थाच्या वाटेने येणारा शब्द मात्र कधी येतो, कधी येत नाही.

रामरक्षेची गोष्ट आणखी वेगळी. ती 70 वर्षांत हजारो वेळा म्हटली गेली आहे. तिला कालचा संस्कार लागत नाही. तेव्हा रामरक्षा येते म्हणून दुपारी कोण आलं होतं तेही यायला हवं, हा हिशोब चुकीचा आहे.

मग दीपस्तंभ कसा आला? एका घटनेवरून मी फार मोठं विधान करणार नाही. पण पत्रातला एक तपशील भगिनींनी सहज लिहिला आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. सासूबाईंनी तो शब्द नुसता ऐकला नव्हता, त्यांनी त्याचा अर्थ समजावून सांगितला होता. शब्दाच्या अर्थाशी रुग्णाला नीट थांबवलं, त्याच्याकडून अर्थ वदवून घेतला, तर पुढे शब्द पुरा करण्याचं काम पुष्कळ सुधारतं, असंही काही प्रयोगांत दिसलेलं आहे. आणि या तर 32 वर्षं अर्थ सांगण्यातच गेलेल्या बाई. नातीने त्यांना परीक्षेला बसवलं नाही, वर्गावर पाठवलं.

आता मुलाकडे वळते. त्याची माया खरी आहे, पण रोजच्या त्या तीन प्रश्नांबद्दल मला स्पष्ट लिहायला हवं. या आजाराची पहिली नोंदच प्रश्नोत्तरांची आहे. 1901 च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी 51 वर्षांच्या ऑगस्ट डेटर या बाईंना नाव विचारलं, आडनाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी ‘ऑगस्ट’ हेच उत्तर दिलं. डॉक्टरांना विचारावंच लागतं, त्याशिवाय निदान होत नाही. पण तुमच्या आईचं निदान झालं आहे. त्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला ठाऊक आहेत. अशा सरावाने आजार थांबत नाही, आणि खरं सांगायचं तर मी पुढे सुचवणार आहे त्यानेही थांबत नाही.

उलट एक गोष्ट राहून जाते. आयोवा विद्यापीठात एदमार्ली गुस्मान-वेलेस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. अल्झायमरच्या 17 रुग्णांना आधी दुःखी आणि नंतर आनंदी चित्रफितींचे तुकडे दाखवले. काही मिनिटांतच काय पाहिलं ते बहुतेक पुसलं गेलं. कुणाला तर काही पाहिल्याचंही आठवेना. पण मनाचा उदासपणा किंवा आनंद त्यानंतरही रेंगाळत राहिला. गंमत नव्हे, काळजीची गोष्ट अशी की ज्यांना दुःखाचे प्रसंग कमी आठवत होते त्यांचं दुःख जास्त टिकलं. कारण कळत नसलेलं दुःख दूर सारायचं तरी कसं?

पत्राच्या चौथ्या पानावर भगिनींनी लिहिलं आहे, "हल्ली सहा वाजले, फाटक वाजलं, की त्या उगीचच अस्वस्थ होतात, आत जाऊन बसतात." उगीचच? त्यांना कालची परीक्षा आठवत नाही, परवाचीही नाही. पण फाटक वाजलं की हात मागे जातो. ही ती टाचणी.

तेव्हा मुलाने एवढं करावं. ‘मी कोण?’ हा प्रश्न उद्यापासून बंद. आत येतानाच मोकळ्या आवाजात सांगावं, "आई, मी आलो," आणि आपलं नाव घ्यावं. दुपारी मावशी येऊन गेली असेल तर "मावशीने चकल्या आणल्यात, बघ" म्हणून चकली हातात द्यावी. आठवलं तर आनंद, नाही आठवलं तरी चकली आहेच. बोलता बोलता त्या शब्दासाठी अडल्या तर पहिलं अक्षर, फार तर अर्धा शब्द हळूच पुरवावा. ‘सांग बघू, सांग बघू’ करत वाट बघत बसू नये. म्हणीचं पहिलं अर्धं म्हणावं, ‘नाचता येईना’ म्हटल्यावर अंगण वाकडं करायला त्या मोकळ्या आहेत. नाही केलं तर आपणच करावं आणि हसावं.

अंदाजाने उत्तर द्यायला मात्र कधीही भाग पाडू नका. अव्यक्त स्मृतीला खरंखोटं कळत नाही. एकदा चुकीचं नाव तोंडातून गेलं की तेच पुढच्या वेळी आधी ओठावर येतं. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी 1994 मध्ये विस्मृतीच्या रुग्णांत हे दाखवून दिलं, की चुका होऊच न देता शिकवलं तर त्यांच्या जास्त ध्यानात राहतं. आपल्या जुन्या शिक्षकांना अक्षरं गिरवून घेण्यातलं मर्म ठाऊक होतंच. हात धरून गिरवलं की चुकायला जागाच नाही.

एखादी खरोखर उपयोगाची गोष्ट शिकवायचीच असेल, म्हणजे ‘काठी दाराशी असते’ एवढीच, तर कॅमेरॉन कॅम्प यांनी अल्झायमरच्या रुग्णांसाठी वापरात आणलेली एक रीत आहे. आधी उत्तर सांगायचं. लगेच विचारायचं, "काठी कुठे?" "दाराशी." मग अर्ध्या मिनिटाने, मग एका, दोन, चार मिनिटांनी. उत्तर चुकलं की लगेच बरोबर उत्तर सांगायचं आणि आधीच्या छोट्या अंतरावर परत यायचं. तुम्ही म्हणाल, मग हे विचारणंच झालं की! झालं, पण उत्तर अजून उबदार आहे तोवरच. सकाळचा चहा संध्याकाळी प्यायला लावण्याजोगं नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट.

त्या शिक्षिका आहेत आणि अजून वाचतात असं पत्रात आहे. अर्थ निसटू लागल्यावरही सुटा शब्द वाचणं पुष्कळांचं बराच काळ टिकतं. न्हाणीघराच्या, संडासाच्या दारावर ठळक अक्षरात नाव लिहून लावा. कपाटातल्या वस्तूंच्या जागा बदलू नका. दिवाळीच्या सफाईत घर नव्याने मांडायची हौस यंदा आवरती घ्या, हात जुन्या जागीच जाणार.

ज्यांच्या घरी अशी विसर पडण्याची नुकती सुरुवात आहे त्यांनी मात्र माझ्या या लेखावर विसंबू नये, आधी डॉक्टरांना दाखवावं. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, मनाचं नैराश्य यांनीही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. त्यातल्या किती जणांच्या घरात ‘सोंग करतात’ हे वाक्य कुजबुजलं गेलं असेल, याची नोंद कुठली पाहणी ठेवणार?

भगिनी, पत्राच्या शेवटी तुम्ही आणखी एक लिहून खोडलं आहे, पण ते वाचता येतं. तुमचं नाव त्यांना येत नाही, तुम्ही कोण हेही सांगता येत नाही, आणि तरी तुम्ही दुपारी दमून स्वयंपाकघरात टेकलात की त्या हाताने पाट पुढे सरकवतात. मोलकरणीला सरकवत नाहीत, जाऊबाईंनाही नाही. ते कशाला खोडलंत? ते ठेवायचं होतं.

जाऊबाईंना हा अंक वाचायला द्या, पण पुढ्यात टाकू नका, चहाच्या टेबलावर सहज उघडा ठेवा. आणि नातीला माझा निरोप सांगा. पुढचा धडा आजीपाशीच बसून वाच, अडलेल्या शब्दाचा अर्थ तिलाच सांगू दे, आणि धडा कोणता होता ते आजीला न विचारता मला कळव.